शब्दचर्चा : जखम ‘भरते’, ‘आळते’, ‘चिघळते’… मग मधुमेहात नेमकं काय होतं?

नौपाडेकर

नेरूळच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या गटासाठी मधुमेहींच्या पायांच्या काळजीवर एकपानी पत्रक करून देतोय. पहिल्याच वाक्याला गाडी अडली. मी लिहिलं होतं, ‘मधुमेहात प्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे जखम भरत नाही.’ मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ‘कमी होते’खाली रेघ मारून समासात लिहिलं, ‘कमी नव्हे, बिघडते.’

आधी वाटलं, कीस काढतायत. मग घरचंच आठवलं. बाबांना अठरा वर्षं शुगर. गेल्या वर्षी नवी चप्पल चावली. चावल्याचं त्यांना कळलंच नाही, तळवे बधिर. ओट्यापासून टीव्हीपर्यंत फरशीवर नाण्याएवढे ओले डाग दिसले तेव्हा मी मोजा काढायला लावला. पुढे अकरा आठवडे दिवसाआड ड्रेसिंग. ‘लाली वाढते का बघत राहा’ असं आम्हाला बजावलेलं. आणि एके दिवशी सिस्टर म्हणाल्या, ‘काका, मस्त लाल झालीय हो!’ बाबांचा चेहरा पडला.

तर, या दोन लालींना मराठीत वेगळे शब्द आहेत का? आणि ‘प्रतिकारशक्ती’ इथे ठेवू की काढू?

वाशीची सिस्टर (निवृत्त)

त्या सिस्टरची चूक नाही, पण तिने ‘मांस आलंय’ म्हणायला हवं होतं. वॉर्डात आम्ही तेच म्हणायचो. जखमेच्या तळाशी डाळिंबाच्या दाण्यांसारखं ओलसर, दाणेदार लाल दिसतं ते नवं मांस. जखमेभोवतीची कातडी लाल होते, हाताला गरम लागते, ती ‘लाली’. एक हवीहवीशी, दुसरी धोक्याची. पिवळट चिकट थराला मात्र सगळे ‘स्लफ’च म्हणतात, पेशंटला ‘मेलेलं मांस’ म्हणून सांगायचं.

‘भरते’ हा शब्द मला फार आवडतो, कारण ही जखम तळातून वर भरते. वरून बुजली आणि आत पू राहिला तर ते भरणं नव्हे. आमच्या सासूबाई ‘आळली’ म्हणायच्या, आमटी आळते तशी. लहान जखमेला शोभतो तो शब्द.

जाता जाता : आंबट खाऊन पू होत नाही. पू म्हणजे बहुतांशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी, जंतू आणि कुजलेला ऊतक. आणि मधुमेहाच्या पायात कधीकधी पू, लाली, ताप काहीच फारसं न दिसता आत खोलवर संसर्ग असतो. म्हणून ‘पू नाही ना, मग काळजी नाही’ हे वाक्य पत्रकात चुकूनही येऊ देऊ नका.

कोपरीचा पंतोजी

सिस्टरताईंनी मांस म्हटलं, त्याला पोथीतला शब्द ‘मांसांकुर’. पण मला ‘व्रण’बद्दल बोलायचंय. संस्कृतात व्रण म्हणजे उघडी जखम. मराठीत तो झिजून ‘वण’ झाला आणि अर्थ सरकला : जखम बरी झाल्यावर उरते ती खूण. आता वर्तमानपत्रं ‘मनावरचे व्रण’ लिहितात तेव्हा त्यांना वणच अभिप्रेत असतो. म्हणजे रोग आणि त्याची निशाणी, दोघांना एकच शब्द. पत्रकात ‘मधुमेही व्रण’ लिहिलंत तर निम्मे लोक म्हणतील, वणच ना, राहू दे.

सुश्रुताने सूत्रस्थानात लिहून ठेवलंय की मधुमेह्यांचे व्रण ‘कृच्छ्रेण सिध्यन्ति’, कष्टाने बरे होतात. हे निरीक्षण किती जुनं आहे बघा. ‘जखम’ हा शब्द मात्र फारसीतून आलेला, आणि ‘नासूर’ अरबीतून. दुखणं आपलं, नावं पाहुणी.

ऐरोलीची मायक्रोबायोलॉजी

डॉक्टर बरोबर आहेत. ‘शक्ती’ म्हटलं की माणूस मोजायला लागतो, कमी की जास्त, आणि मग काढा, च्यवनप्राश. प्रत्यक्षात गोष्ट वेळापत्रकाची आहे. जखम झाली की काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात. दोनेक दिवसांत मॅक्रोफेज येतात, पाठ्यपुस्तकातल्या ‘महाभक्षी पेशी’. त्या मेलेल्या न्यूट्रोफिलसकट सगळा कचरा गिळतात आणि मग स्वतःची भूमिका बदलतात : लढाईचे संदेश थांबवून बांधकामाचे पाठवतात. त्या संदेशांवर नव्या रक्तवाहिन्या आणि सिस्टरताईंचं ‘मांस’ येतं.

साखर सतत जास्त असली की न्यूट्रोफिलची धाव आणि गिळण्या-मारण्याची क्षमता मंदावते, म्हणून संसर्ग सोपा होतो. पण त्या हटतही नाहीत. मॅक्रोफेज लढाईच्याच अवस्थेत अडकून बसतात. न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू पकडतात. मधुमेहात अशी जाळी जास्त टाकली जातात आणि तीच जखमेच्या आड येतात, हे 2015मध्ये उंदरांवरच्या संशोधनात दिसलं. मारण्यात कमी, जळत राहण्यात जास्त. याला ‘कमी’ कसं म्हणणार?

शब्दवेड्यांसाठी : रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफने 1882मध्ये सिसिलीत, मेसिनाला, तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसला आणि काट्याभोवती पेशी जमलेल्या पाहिल्या. ‘फॅगोसाइट’, म्हणजे गिळणारी पेशी, हा ग्रीक घडणीचा शब्द त्याला व्हिएन्नाच्या क्लाउस या प्राध्यापकाने सुचवला. 1908चं नोबेल मेचनिकॉफला मिळालं, अर्लिखबरोबर विभागून. शब्द सुचवणाऱ्याला काय मिळालं, तर ही अशी एक ओळ.

नौपाडेकर

म्हणजे आमच्या गल्लीतल्या पुनर्विकासासारखं! जुनी इमारत पाडणारा कंत्राटदार प्लॉट सोडत नाही, म्हणून बिल्डरला पाया घेता येत नाही.

ऐरोलीची मायक्रोबायोलॉजी

जवळपास. फक्त इथे पाडणाराच पुढे बांधणारा होणार असतो. त्याने पहार खाली ठेवून थापी उचलायची, तेच होत नाही. आणि रक्तपुरवठा, बधिर नसा ही कारणं विसरू नका. सगळं पेशींच्या माथी मारणंही बरोबर नाही.

कोपरीचा पंतोजी

मग ‘प्रतिकार यंत्रणा’ म्हणा. ‘प्रतिरक्षा’ नको, आमच्या वयाच्या लोकांना वाटेल सरकारचं संरक्षण खातं.

आता दाह. इंग्रजी ‘इन्फ्लमेशन’च्या मूळ लॅटिन शब्दात ज्वाळा आहे, म्हणून आपणही दाह केला. पण सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात खुणा चार सांगितल्या : लाली, सूज, उष्णता, वेदना. मराठी माणसाला ‘दाह’ म्हटलं की फक्त आग होणं कळतं, ‘सूज’ म्हटलं की फक्त फुगणं. आणि नौपाडेकरांच्या बाबांना तर वेदनाच नव्हती. वैद्यकातला ‘शोथ’ अचूक असेल, पण तो वाचून समजेल असा माणूस ते पत्रक वाचणारच नाही.

वाशीची सिस्टर (निवृत्त)

‘चिघळते’ आहे की.

नौपाडेकर

चिघळणं डोळ्यांना दिसतं, ताई. पाणी सुटतं, वास येतो. बाबांची जखम मधले चार आठवडे चिघळली नव्हती. नुसती होती तिथेच होती. बरी नाही, वाईटही नाही. रोज तीच पट्टी, तोच फोटो.

वाशीची सिस्टर (निवृत्त)

मग ‘धुमसते’ म्हणा! शेगडीतला निखारा राखेखाली धुमसतो तसं. ज्वाळ नाही, पण विझतही नाही.

ऐरोलीची मायक्रोबायोलॉजी

हा शब्द मी माझ्या सेमिनारमध्ये चोरणार आहे. विझवण्याची यंत्रणा बिघडलीय, हे एका क्रियापदात बसलं.

कोपरीचा पंतोजी

मान्य. भांडणं चिघळतात आणि भांडणं धुमसतात, या दोन्हींतला फरक मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही.

नौपाडेकर

आत्ताचं वाक्य असं : ‘मधुमेहात शरीराची प्रतिकार यंत्रणा बिघडते. जंतू लवकर मरत नाहीत आणि जखम आतून धुमसत राहते, त्यामुळे नवं मांस यायला उशीर होतो.’ डॉक्टरीणबाईंनी पास केलं.

प्रूफ बाबांना वाचायला दिलं होतं. त्यांनी एकच ओळ बदलली. मी लिहिलं होतं, ‘पायांची रोज तपासणी करावी.’ ते खोडून त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, ‘रोज रात्री आरशात तळवे बघा.’ ‘तपासणी’ म्हटलं की लोक लॅबमध्ये जातात, म्हणे.