'खिडकी लावली' म्हणजे बसवली की बंद केली?

पऱ्हाटी: आर्वीकडच्या एका गावात वाचनालय बांधायचं आहे. आराखडा एनर्जीप्लसमध्ये (इमारत किती तापते याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर) टाकला, नागपूरची हवामान-फाइल जोडली आणि मे महिन्यात खोली किती तापते ते काढलं. आता गवंडी-सुतारांसाठी चार पानं मराठीत लिहितेय. "दुपारी खिडकी लावल्यावर खोली कमी तापते" असं लिहिलं, तर सुतारकाका म्हणाले, "मॅडम, खिडकी सकाळीच लावून ठेवली ना, दुपारी काऊन लावाची?" मला बंद करणं म्हणायचं होतं, त्यांनी बसवणं घेतलं.

दुसरी अडचण मोठी आहे. काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते, त्याचा 0 ते 1 मधला आकडा म्हणजे एसएचजीसी. 6 मिमीच्या साध्या काचेला तो साधारण 0.82. 'सौर उष्णता लब्धी गुणांक' लिहिलं तर ते पान कोणी उलटणार नाही. काय लिहू?

ओसरी: पहिलं सोपं आहे. आमची आजी बारा वाजले की ओरडायची, "खिळक्या लोटून घे वं, झाव येते!" बंद करायची ती लोटायची, कडी घालायची ती लावायची आणि सुतार करतो ते बसवणं. 'लोटल्यावर' लिहा.

दगडी पाटा: 'लब्धी' आधी काढा. मे महिन्यात वऱ्हाडात ऊन घरात येणं ही कसली लब्धी? 'ऊनशिरकाव' म्हणा, शेंबडं पोरही समजेल.

मोहफूल: शब्द गोड आहे, पण अपुरा आहे. थोडं ऊन काच स्वतः शोषते, तापते आणि मग त्यातली काही धग आत सोडते. तीही याच आकड्यात धरतात. शिरकाव म्हटलं की फक्त आरपार आलेलं ऊन डोळ्यांपुढे येतं. शिवाय डिसेंबरात हेच ऊन हवंहवंसं वाटतं.

दगडी पाटा: मग 'तावदान-ताप' म्हणा. तावदान हा शब्दच 'ताव' म्हणजे ताप यावरून आलाय, अस्सल आपला.

मोहफूल: तावदान फारसीतून आलं, 'ताबदान'. 'ताब' म्हणजे उजेडही आणि धगही. अत्तरदाणी, फुलदाणीतलं 'दाणी' त्याच 'दान'चं. हां, फारसी 'ताब' आणि संस्कृत 'तप्' एकाच कुळातले आहेत, तेवढं तुमचं खरं. उजेड आणि धग एकाच शब्दात, काचेसाठी याहून नेमका शब्द मला तरी दिसत नाही.

दगडी पाटा: कुळ एक असेल तर फारसीचा शिक्का कशाला मारायचा? वाट वाकडी करून आला म्हणून पोरगा परका होतो का?

ओसरी: तावदान म्हणजे नुसती काच, हे मात्र पानात ठळक लिहा. एका दुकानदाराने मला दुहेरी काचेचा यू (आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे किती उष्णता आरपार जाते, त्याचा आकडा) 2.8 दिला, मी तोच अख्ख्या खिडकीचा म्हणून मॉडेलमध्ये टाकला. चौकट होती ॲल्युमिनियमची. लाकडाच्या शेकडो पट उष्णता वाहून नेणारा धातू हिशेबातच नव्हता. उलटी चूकही होते: आकडा चौकटीसकट असतो आणि आपण चौकट पुन्हा वेगळी भरतो.

मोहफूल: आमच्या जुन्या घरी काच नव्हतीच. गज आणि सागवानी झडपा. तिथे एसएचजीसी कुठला शोधणार? झडप किती वाजता लोटली, किती वाजता उघडली, ते वेळापत्रकच भरावं लागतं.

दगडी पाटा: झडप एकच असते. दोन असल्या की त्या फळ्या.

ओसरी: आमच्याकडे दोन्ही झडपाच!

पऱ्हाटी: काकांना 'लोटल्यावर' वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, लोटलेल्या खिडकीला बोटभर सांद राहतेच. म्हणजे त्या सांदीतून येणारी गरम हवाही मॉडेलमध्ये धरायला हवी. मी खिडकी पूर्ण बंद धरली होती. आज रात्री पुन्हा चालवते. 0.82 चं काय लिहायचं, ते अजून सांगा कोणी.