धर्म शाळेत शिकवायचा का? माझ्या मते हो, पण तत्त्वज्ञानाच्या तासालाच

वर्गशिक्षिका

माध्यमिक शाळेत मी धर्मपरिचय आणि तत्त्वज्ञान हा जोडविषय शिकवते. मुलं तेरा ते सोळा वयाची. "धर्म आम्ही घरी बघू, तुम्ही गणित-विज्ञान शिकवा" हे पालकसभेत दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, म्हणून हा धागा काढला.

या दोन गोष्टी एकाच तासाला, एकाच शिक्षकाने शिकवाव्यात असं माझं ठाम मत आहे. नुसती धर्मांची माहिती दिली की संस्थापक, ग्रंथ, सण, प्रार्थनास्थळ असा तक्ता पाठ होतो आणि परीक्षेनंतर पुसला जातो. नुसतं तत्त्वज्ञान शिकवलं तर मुलं तर्कदोषांची नावं घोकतात, पण माणसं ज्या श्रद्धांवर अख्खं आयुष्य काढतात तिथवर तो तर्क पोचतच नाही.

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस युथिफ्रोला विचारतो, की देवांना आवडतं म्हणून एखादं कृत्य पवित्र ठरतं, की ते पवित्र असतं म्हणून देवांना आवडतं? हा प्रश्न फळ्यावर लिहिला की श्रद्धाळू मुलं थबकतातच, पण देव न मानणारीही सुटत नाहीत. "मग चांगलं-वाईट कशावरून ठरवायचं? बहुमतावरून?" हा प्रश्न त्यांच्याकडे येतोच.

त्यानंतर मी पूर्वपक्ष लिहायला लावते. आपल्याला न पटणारी बाजू अशी मांडायची, की ती मानणारा वर्गमित्र वाचून म्हणाला पाहिजे, "हो, मला हेच म्हणायचं होतं." गुण याला आहेत. कोण काय मानतं याला गुण नाहीत. आपल्या दर्शनांची हीच रीत होती. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्व दर्शनांचा संग्रह केला तो वेद आणि देव न मानणाऱ्या चार्वाकांपासून सुरू होतो, आणि माधवाचार्य स्वतः वेदान्ती होते.

अनाग्रही

असहमत. चार्वाकांचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. त्यांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ उरलेच नाहीत. आज आपल्याला ते माहीत आहेत ते बहुतेक विरोधकांच्या तोंडून. वर्गात नेमकं हेच होईल. तीस मुलांत ज्या धर्माचा एकच मुलगा आहे, त्याचा पूर्वपक्ष उरलेले एकोणतीस लिहिणार, आणि बरोबर जमलाय का हे सांगायला सगळे त्याच्याकडे बघणार. चौदा वर्षांच्या मुलाने आख्ख्या समाजाचा प्रवक्ता का व्हावं?

शिवाय कागदावर समतोल असलेला विषय प्रत्यक्षात कलतो. नॉर्वेने 1997 मध्ये सर्वांसाठी असा एकच विषय आणला. त्यात ख्रिस्ती धर्माला झुकतं माप होतं. सूट हवी असेल तर ती काही भागांपुरतीच मिळे, आणि बहुतेक वेळा पालकांना कारण द्यावं लागे, म्हणजे आपल्या श्रद्धा शाळेसमोर उघड कराव्या लागत. 2007 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हे पालकांच्या हक्कांचं उल्लंघन ठरवलं. तेही 9 विरुद्ध 8 मतांनी, म्हणजे न्यायाधीशांनाही सीमारेषा सहज सापडली नाही. ती एका शिक्षिकेला रोज सकाळी सापडेल यावर मी विश्वास का ठेवू?

निरंजन

माझा विरोध वेगळ्या बाजूने आहे. मी श्रद्धाळू आहे. प्रार्थना बाहेरून बघून कळत नाही. "प्रार्थनेची सामाजिक कार्ये लिहा, पाच गुण" असा प्रश्न आला की प्रार्थना करणाऱ्या मुलाला काय शिकवलं जातं? की तू जे करतोस त्याचा खरा अर्थ तुला नाही, पाठ्यपुस्तकाला माहीत आहे. आणि प्रत्येक श्रद्धेला लगेच "कशावरून?" विचारणं ही तटस्थता नव्हे, तीही एक बाजूच आहे. अजून मूळ धरलं नाही तोवर रोप उपटून बघायची घाई कशासाठी?

कलमदान

कायद्याचं थोडं. "धर्म शाळेत चालतच नाही" असं अनेकांना वाटतं, तसं नाही. आपल्या संविधानाचं कलम 28 पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षणाला मनाई करतं. पण धर्मांचा अभ्यास म्हणजे ते धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात म्हटलं. अमेरिकेतही 1963 च्या शेम्प खटल्यात सरकारी शाळांतलं भक्तिपर बायबलवाचन घटनाबाह्य ठरलं, आणि त्याच निकालात धर्मांच्या वस्तुनिष्ठ अभ्यासाला मोकळीक दिली गेली. कायद्याने दार उघडं आहे. आत कोण शिकवणार, हा खरा प्रश्न.

फ्रान्सचं उदाहरण

तिसरा मार्गही आहे. फ्रान्समध्ये सरकारी शाळांत धर्म हा वेगळा विषय नाही (अल्सास-मोझेल भाग वगळून). धर्म येतो तो इतिहासात, साहित्यात, कलेत. तत्त्वज्ञान मात्र शेवटच्या वर्षी सक्तीचं, आणि बाकालोरेआत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, त्याचा चार तासांचा पेपर असतो. दोन्ही होतं, पण कुणाची श्रद्धा तासाचा विषय होत नाही. जोडविषय कशाला हवा?

वर्गशिक्षिका

@फ्रान्सचं उदाहरण: कारण इतिहासाच्या तासात धर्म भूतकाळातला होतो. धर्मयुद्धं येतात, सुधारणा चळवळी येतात. बाजूच्या बाकावरची मुलगी आज काय मानते ते येत नाही. आणि तत्त्वज्ञान सतराव्या-अठराव्या वर्षी येतं, तोवर मतं घट्ट झालेली असतात.

@निरंजन: "सामाजिक कार्ये लिहा" हा प्रश्न वाईटच आहे, मी तो विचारत नाही. पण शंका म्हणजे श्रद्धेवर बाहेरून आलेलं संकट, हे मला मान्य नाही. निरपराधाला दुःख का, हे बायबलमधला इयोब देवालाच विचारतो. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा शेवट प्रश्नावर होतो. शंका परंपरेच्या आतच आहे, आणि मी ती तिथूनच आणते. तुमची दुसरी हरकत मात्र बरोबर आहे, "कशावरून?" ही रिकामी जागा नाही. म्हणूनच माझ्या वर्गात "तर्काने सगळं सुटतं का?" हाही एक धडा आहे.

@अनाग्रही: प्रवक्त्याची भीती खरी आहे. म्हणून माझा नियम असा, की कुणालाही "तुमच्यात काय करतात?" असं कधीच विचारायचं नाही. पूर्वपक्ष तपासायला वर्गमित्र नाही, त्या परंपरेतल्या लेखकाचा उतारा असतो. वर "वर्गमित्र वाचून" असं लिहिलं ते कसोटी म्हणून.

अनाग्रही

नियम चांगला आहे, पण तो तुमचा आहे. तुमची बदली झाली की पुढचा शिक्षक "उठ, तुझ्या धर्मात काय आहे ते सांग" म्हणेल. विषय सुरू करताना सगळ्यात चांगला शिक्षक डोळ्यासमोर ठेवू नये, सर्वसाधारण शिक्षक ठेवावा. धर्मशास्त्राचं किंवा तत्त्वज्ञानाचं काहीच न शिकलेल्याला तास रिकामा आहे म्हणून हा विषय देतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

नववीची आई

मला एवढंच हवंय, की माझ्या मुलीला कारण न देता बाहेर बसता यावं. इंग्लंडमध्ये पालकांना 1944 पासून मुलाला धर्मशिक्षणाच्या तासातून काढून घेण्याचा हक्क आहे.

वर्गशिक्षिका

ताई, कारण न विचारता पूर्ण सूट, याला माझा पाठिंबा आहे. नॉर्वेचं चुकलं ते तिथेच. फक्त अर्ज देण्याआधी एकदा तिची वही वाचा.

@अनाग्रही, सर्वसाधारण शिक्षकाचा मुद्दा मी टाळत नाही. प्रशिक्षित शिक्षक नसेल तर त्या वर्षी हा विषय घेऊच नये, तास ग्रंथालयाला द्यावा. पण त्या कारणाने विषयच काढून टाकला, तर प्रशिक्षण घ्यायला तरी कोण जाईल?

अनाग्रही

मग आधी प्रशिक्षण, नंतर विषय. या क्रमाने असेल तर मी विरोध मागे घेतो. उलट क्रमाने नाही.