मे काकूंसाठी संसार मोडला तेव्हा : अनुभव धागा

स्पायडरमॅनची 'वन मोर डे' ही कॉमिक्सकथा आली 2007 साली. पीटर (म्हणजेच स्पायडरमॅन) आणि मेरी जेनचं 1987 मध्ये लागलेलं लग्न मेफिस्टो नावाच्या सैतानाने पुसून टाकलं, बदल्यात पीटरला वाढवणाऱ्या मे काकूंचा जीव वाचवला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांनो, ही किंवा अशी कुठली कथा तुमच्या जिव्हारी लागली? नुसतं 'बकवास' लिहू नका, ते आम्हालाही ठाऊक आहे.

टिळकवाडी
इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुटे अंक बेळगावात कुठले मिळायला! पुण्याचा मावसभाऊ पेन ड्राइव्हवर स्कॅन आणायचा. संक्रांतीला आला की आधी पेन ड्राइव्ह, मग तिळगूळ. 2006 च्या 'सिव्हिल वॉर' या कथेत पीटरने जगासमोर मुखवटा काढला, म्हणून काकूंना गोळी लागली. चूक याची, भोग तिचे. इथवर कथा पक्की होती. मग मेफिस्टो एक लाल केसांची पोरगी दाखवतो, ही तुमची लेक झाली असती म्हणून. तिथे माऊसवरचं बोट थांबलं. पुढे पीटर काकूंच्या घरी उठतो, बिनलग्नाचा, आणि 1993 मध्ये मेलेला त्याचा मित्र हॅरी पार्टीत हजर!

आई मागून बघत होती. म्हणाली, "काडीमोड घेतला काय रे त्याने?"
म्हटलं, नाही गं, लग्न झालंच नव्हतं म्हणायलेत.
"मग वीस वर्षं ती काय धुणीभांडी करायला होती?"
याहून नेमकं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही.

खानापूर
मी वाचायला लागले तीच या कथेनंतर. लग्नबिग्न ठाऊक नव्हतं. महिन्याला तीन अंक यायचे, मजा होती की! मागचे अंक हाती लागले तेव्हा तुमचं रडणं कळलं.

निपाणी
माझा राग त्याच्याही आधीचा. 1995 चा, 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा 400 वा अंक. मे काकू शांतपणे जातात. मला तो बऱ्याच उशिरा, मुंबईच्या फुटपाथवर मिळाला. नेमकी त्याच महिन्यात आजी गेली. खाली तेराव्याची पंगत, आणि मी माळ्यावर तंबाखूच्या पोत्याला टेकून तो अंक वाचतोय. आजीसाठी आलं नव्हतं ते रडू तिथे आलं. पुढे कळलं, 1998 मध्येच उलगडा झालेला : मेली ती काकूंचं सोंग घेतलेली नटी, खऱ्या काकू जिवंत. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मग मी रडलो कुणासाठी? आणि याच काकूंना वाचवायला पुढे लग्न मोडलं.

शहापूर
आम्ही मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स'वाले. त्यातल्या वेताळाने, म्हणजे फँटमने, डायनाशी लग्न केलं तेव्हा मी आठवडाभर रुसलो होतो. जंगलात राहणाऱ्याला बायको कशाला? आता साठीत वाटतं, बरं झालं. जुळी पोरं झाली, आणि ते लग्न कुणी झालंच नव्हतं असं केलं नाही.

अनगोळ
'वन मोर डे'च्या स्ट्रॅझिन्स्की या लेखकालाच शेवट पटला नव्हता. शेवटच्या दोन भागांवरून आपलं नाव काढावं, असा त्याचा विचार होता. नाव छापलं गेलंच. मी आपलं एकत्र बांधणीचं पुस्तक रद्दीवाल्याकडे नेलं. त्याने दोन पानं चोळून बघितली. म्हणाला, "कागद गुळगुळीत हाय, ह्याला भाव कमी."
परत घेऊन आलो.