फोन फुकट झाला, मग बोलणे का आटले?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
आमच्या घरी आज चार मोबाईल आहेत, तरी आजीशी महिनाभरात कोणी पाच मिनिटे बोलत नाही. पुण्याचा मामा आवाजी संदेश पाठवतो. आजी तो माझ्याकडून तीन-तीनदा लावून घेते आणि दरवेळी "बरी आहो रे बाप्पा" असे उत्तर देते, जे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. फोन महाग होता तेव्हा माणसे रांगा लावून बोलत असत. आता असे का झाले असावे?

उत्तर १ (आर्वी तालुका):
१९९०च्या दशकात मी एसटीडी बूथ चालवत असे. रात्री ११ नंतर दर पाव होत, म्हणून खरी गर्दी तेव्हाच होई. बहुतेकांच्या हातात मुद्द्यांची चिठ्ठी असे. एक बाई मात्र मीटरकडे पाठ करून बोलत. आकडा दिसला की शब्द अडतो, असे त्या म्हणत. माझ्या मते पैसे मोजावे लागत, म्हणूनच बोलण्याला किंमत होती.

उत्तर २ (अचलपूर):
काकाजी, आदर ठेवून सांगतो, कारण केवळ पैशाचे नाही. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाल्यावर मिस्ड कॉलची सवय लागली खरी, पण बोलणेही वाढले. २०१६ नंतर अमर्याद कॉल आणि स्वस्त डेटा एकदमच हाती आले, आणि खरा फरक डेटामुळे पडला. फोनसाठी दोघांनाही एकाच वेळी मोकळे असावे लागते, तर संदेशाला ती अट नाही. वेचणीला गेलेला माणूस तो संध्याकाळी ऐकतो. मात्र जिथे उलटप्रश्न विचारायचा असतो, तिथे फोन अजून टिकून आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा बोंडांचे फोटो पाठवून आमचे समाधान झाले नाही. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर बोलल्यावरच फवारणीचे नीट कळले. तुमच्या आजीलाही उलटप्रश्नच विचारायचे असतील. मामांशी वार आणि वेळ ठरवून घ्या.

प्रश्नकर्ता:
मामाला कळवले आहे. रविवारी रात्री ८ वाजता फोन येईल. आजीने विचारायच्या गोष्टी माझ्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतल्या आहेत. त्यात पहिली, धाकट्याचा दात पडला का, ही आहे.