मदत हवी आहे: पहिलीच नोकरी परदेशात घ्यावी का?

नमस्कार मंडळी. यंदा मेकॅनिकल इंजिनीअरिंग पूर्ण झालं आणि हातात दोन ऑफर आहेत. एक इथली, दुसरी जर्मनीतली. ओढा जर्मनीकडे आहे, पण करारपत्र वाचल्यापासून झोप उडाली आहे.

तिथे ६ महिन्यांपर्यंत प्रोबेशन असतं आणि त्या काळात २ आठवड्यांच्या नोटिशीवर कामावरून काढता येतं. राहण्याचा परवाना नोकरीवरच अवलंबून. म्हणजे नोकरी गेली की दुसरी शोधायची धावपळ, तीही मोडक्यातोडक्या जर्मनवर! माझी जर्मनची बी१ (मधली पातळी) झालीय. ऑफिसात इंग्रजी चालेल म्हणतात, पण शॉपफ्लोअरवर मशीन बंद पडलं की ऑपरेटरशी कसं बोलता तुम्ही?

पगाराचा आकडा मोठा दिसतो खरा. कर, आरोग्य विमा, पेन्शन कापून हातात किती उरतं तो हिशेब मी मांडतोय. खरी काळजी शिकण्याची आहे. नवख्याला शेजारी बसवून ड्रॉइंगमधल्या चुका दाखवणारा सीनियर लागतो. तो तिथे मिळतो का?

फ्रेशर म्हणून थेट गेलेल्यांनी आणि आधी दोन-तीन वर्षं अनुभव घेऊन गेलेल्यांनीही कृपया मोकळेपणानं सांगा. आठवड्याभरात उत्तर कळवायचं आहे.