पाकिटावरचं 'नॅचरल' : ठेवायचं की काढायचं?

सांजवारा : खाण्याच्या पाकिटांवरून 'नॅचरल' हे विशेषण सरसकट काढून टाकावं, असं माझं ठाम मत आहे. एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था) पाकिटावरच्या दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम तसे कडक आहेत : पदार्थ एकाच घटकाचा हवा, त्यात काही मिसळलेलं नको, प्रक्रिया खाण्याजोगा होण्यापुरतीच. पण हाच शब्द ब्रँडच्या नावात असेल, तर 'हे केवळ ब्रँडनाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप दाखवत नाही' अशा अर्थाची टीप छापली की भागतं. घाईत सामान भरणारा माणूस ती टीप वाचतो कुठे?

चौकस : असहमत. नुसती हळद दळून विकणाऱ्या बचत गटाचा माल नियमात चोख बसतो. त्यांनी हा शब्द का सोडायचा? ब्रँडनावाची पळवाट बुजवा.

गुऱ्हाळकर : गुळाचं बघा. आमच्या करवीरकडे रानभेंडी ठेचून पाण्यात भिजवतात. ते बुळबुळीत पाणी उकळत्या रसात ओतलं की मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. काही जण रंग उजळायला हायड्रॉस नावाचं रसायन घालतात. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळच उचलतं, काळपट पडून राहतो. आता 'काही मिसळलेलं नको' हा नियम शब्दशः लावला तर भेंडीवालाही बाद! त्यापेक्षा 'भेंडी घातलेला, हायड्रॉस नसलेला' असं सरळ लिहू द्या की.

चौकस : भेंडी मळीबरोबर निघून जाते हो. आणि तुमचं वाक्य खरं की खोटं, हे कोण तपासणार? 'नॅचरल'ला निदान कायद्यात व्याख्या आहे.

मीठभाकर : व्याख्या असली तरी लोक 'नॅचरल' म्हणजे निर्धोक असंच धरतात. व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन शेंगेतून काढा नाहीतर कारखान्यात बनवा, रेणू एकच. आणि कडू बदामातून सायनाइड सुटतं, ते निसर्गानंच दिलेलं. सांजवारा यांना +१.

सांजवारा : चौकस, पळवाट बुजवायला माझी ना नाही, पण 'नॅचरल' काढलं तरी बचत गटाचं अडणार नाही. त्यांनी 'फक्त हळद' लिहावं. त्यात दुसरं काही सापडलं तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला नमुना तपासायला पाठवता येतो, अर्थावर वाद घालत बसावं लागत नाही.