मदत हवी आहे: लिंगाला बाक आलाय (पेरोनीज), ऑपरेशन आत्ता करावं की थांबावं?

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा, वय ५३, जुनी शुगर आहे. दिवाळीनंतर लिंगाच्या वरच्या बाजूला तुरीच्या डाळीएवढी टणक गाठ हाताला लागायला लागली. ताठरता आली की दुखतं आणि वर वाकतं. बाक अजून वाढतोच आहे. एका डॉक्टरांनी व्हिटॅमिन ईच्या गोळ्या दिल्या, दुसरे म्हणतात लगेच ऑपरेशन करून टाका. कॅन्सर नाही, एवढं दोघंही सांगतात. बायकोला सगळं माहीत आहे, तिनंच धीर दिला. खरं आपल्या भागात हा विषय काढायचा कुणाकडं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. इंजेक्शननं बाक जातो का, तेही सांगा.

प्रतिसाद (खानापूर):
भाऊ, घाई करू नका. दुखतंय आणि बाक बदलतोय म्हणजे आजार अजून चालू आहे, अशा वेळी चाकू लावत नाहीत. दुखणं थांबून बाक निदान तीन महिने जसाच्या तसा राहिला पाहिजे. माझंही असंच थांबून झालं. विरुद्ध बाजूला टाके घालून सरळ करतात, लांबी थोडी कमी होते, हे आधीच मनाशी धरा. बाक ६० अंशांच्या वर असेल तर गाठीच्या जागी चीर देऊन ठिगळ लावतात, त्यात ताठरता कमी होण्याचा धोका जास्त. तुम्हाला शुगर आहे, म्हणून ताठरता आत्ता कशी आहे ते डॉक्टरांना न लाजता सांगा. ताठरतेच्या गोळ्या घेऊनही ती येत नसेल तर इम्प्लांटचाच (लिंगाच्या आत बसवायच्या कृत्रिम नळ्यांचा) विचार करतात.

व्हिटॅमिन ईनं बाक कमी होत नाही, पैसे घालवू नका. शॉकवेव्हनं (बाहेरून ध्वनिलहरींचे झटके देतात) फार तर दुखणं कमी होतं. गाठीत व्हेरापामिल नावाचं औषध टोचतात, गुण माणसागणिक वेगळा. कोलॅजनेजच्या (गाठ विरघळवणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली, निदान ३० अंश बाकासाठी. तेसुद्धा बाक स्थिर झाल्यावरच, आणि बाक कमी होतो, पूर्ण जातोच असं नाही.

ताठर असताना वरून आणि बाजूनं फोटो काढून ठेवा. बेळगाव किंवा कोल्हापूरला युरॉलॉजिस्टकडंच जा, डॉप्लर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करून घ्या. आणि तळहात बघा, बोटं आत वळतायत का? या आजाराबरोबर तेही दिसतं.

मूळ धागाकर्ता:
उपकार झाले भाऊ. डाव्या अनामिकेच्या मुळाशी कडक पट्टा लागतोय, वडिलांचंही तेच बोट वाकलेलं होतं. डॉप्लरच्या वेळी तिथंच इंजेक्शन देऊन ताठरता आणतात म्हणे, त्याला शुगरमुळं काही अडचण येते का?